शिर्माखरची माती आणि हैदराबादचा उन्हाळा

वैशाखातील दुपारी हैदराबादच्या उप्पल रस्त्याने ज्यांस जावे लागले आहे, त्यांस 'हिम' हा शब्द केवळ कोशातला वाटला तर नवल नाही. पारा चाळीस अंशांवर गेलेला असतो, ग्रॅनाइटच्या शिळांतून झळा निघत असतात, आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली माणसे व गुरे एकाच सावलीत उभी असतात. याच रस्त्यावर हबशीगुडा नावाच्या वस्तीत पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र आहे. त्याच्या थंड कोठड्यांत चार-पाच अंश तपमानावर सुखाने वाढणारे सूक्ष्म जीव वर्षानुवर्षे पाळले गेले. ते आले दक्षिण ध्रुवखंडातून, म्हणजे येथून सुमारे अकरा हजार किलोमीटरांवरून. ज्या नगरीने स्वतः कधी हिमकण पाहिला नाही, तिने हिमातील जीवांची नावे ठेवावीत, आणि ती नावे जगाने मान्य करावीत, हे घडले कसे, याचा इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे.

हा इतिहास हैदराबादेत सुरू होत नाही. त्याचा आरंभ शोधण्यासाठी १९५७ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या १ जुलैपासून १९५८ च्या डिसेंबरअखेर 'आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष' पाळण्यात आले. बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिकावर तळ उभारले आणि आपली निरीक्षणे परस्परांस द्यावयाची, असा संकेत पाळला. शीतयुद्धाचा तो ऐन काळ. रशिया आणि अमेरिका यांचे अन्यत्र कोठेही पटत नव्हते, परंतु बर्फाच्या जाडीविषयी त्यांचे आकडे एकमेकांकडे बिनबोभाट जात होते. यातूनच १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे अंटार्क्टिक करारावर सह्या झाल्या व २३ जून १९६१ पासून तो अंमलात आला. सात राष्ट्रांचे भूमीवरील हक्क या कराराने नाकारले नाहीत आणि मान्यही केले नाहीत. ते जसेच्या तसे गोठवून ठेविले. हिमखंडाविषयीच्या करारास ही युक्ती शोभून दिसते! शास्त्रीय निरीक्षणांची व शास्त्रज्ञांची मुक्त देवघेव हे मात्र त्याचे स्पष्ट कलम होते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या बारा राष्ट्रांत भारत नव्हता. त्यापूर्वीच, १९५६ साली, अंटार्क्टिकाचा उपयोग केवळ शांततेसाठी व्हावा हा विषय भारताने संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमपत्रिकेवर घालू पाहिला होता. ज्यांचे त्या भूमीवर दावे होते त्यांना, विशेषतः अर्जेंटिना व चिली यांना, तो रुचला नाही, आणि भारतास तो मागे घ्यावा लागला. १९५८ साली पुन्हा यत्न झाला, तोही निष्फळ ठरला. तेव्हा 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' या गोड शब्दाच्या आत एक दार होते, आणि त्या दाराला कडी होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. करारातील निर्णयाचा अधिकार हवा असेल तर त्या भूमीवर भरीव शास्त्रीय कार्य करून दाखवावे लागे. शास्त्र हेच प्रवेशमूल्य होते.

दाराबाहेर उभ्या असलेल्या देशातीलही एखाद-दुसरा मनुष्य आत जाऊन आला. वनस्पतिशास्त्रज्ञ गिरिराजसिंह सिरोही हे १९६० च्या सुमारास अमेरिकन तुकडीबरोबर थेट दक्षिण ध्रुवावर गेले. तेथे पाय ठेवणारे ते पहिले भारतीय मानले जातात. त्यांचे काम मोठे कुतूहलाचे होते. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या अंगी चोवीस तासांच्या आसपासचे एक घड्याळ असते; घेवड्याची पाने दिवसा पसरतात व रात्री मिटतात, आणि झाड अंधाऱ्या खोलीत ठेवले तरी तो क्रम काही दिवस चालतो. हे घड्याळ पृथ्वीच्या परिवलनामुळे चालते काय, असा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळवण्यास ध्रुवासारखी जागा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कार्ल हॅम्नर व त्यांच्या सहकाऱ्यांसमवेत सिरोहींनी ध्रुवावर फिरते मेज मांडले, त्यावर जीव ठेवले, आणि पृथ्वी जितक्या गतीने फिरते तितक्याच गतीने मेज उलट फिरविले. जणू पृथ्वीचे फिरणे त्या जीवांपुरते थांबविले. घड्याळ चालूच राहिले. १९६२ साली 'नेचर' नियतकालिकात हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ध्रुवीय जीवशास्त्रातील भारतीयाचे हे पहिल्या काळातील पाऊल, आणि ते परक्या तळावर, परक्या विमानाने जाऊन टाकलेले.

स्वतःच्या बळावर जाण्यास पुढे वीस वर्षे लागली. ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' नावाचे नॉर्वेजियन जहाज फारसा गाजावाजा न करता निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली त्यावर एकवीस भारतीय होते, आणि ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले. गोमंतकीय वाचकांना मुरगावचा धक्का आम्ही नव्याने सांगावा असे नाही, पण खनिजाने तांबडा झालेला हा धक्का पुढे वर्षानुवर्षे हिमखंडाचे भारतीय प्रवेशद्वार ठरला, हे त्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे. दोन मोहिमा होताच, १९८३ च्या ऑगस्टमध्ये भारत करारात सामील झाला व त्याच वर्षी १२ सप्टेंबरला त्यास सल्लागार राष्ट्राचा दर्जा मिळाला. सत्तावीस वर्षांपूर्वी जे शब्दांनी उघडले नव्हते ते दार दोन जहाजफेऱ्यांनी उघडले. पुढल्या वर्षी अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय समितीचेही सदस्यत्व आले.

१९८३-८४ ची तिसरी मोहीम आमच्या विषयाशी दोन नात्यांनी जोडलेली आहे. तिचे नेते डॉ. हर्ष गुप्ता पुढे हैदराबादच्याच राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेचे संचालक झाले. ती संस्थाही याच उप्पल रस्त्यावर आहे. त्यांच्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हा पहिला भारतीय तळ उभा राहिला. दुसरे नाते मराठी वाचकांस अधिक जिव्हाळ्याचे वाटेल. याच मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया गेल्या. भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या एक, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. अदिती पंत या दुसऱ्या. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातील, मुत्सद्दी अप्पा पंत यांच्या त्या कन्या. त्यांचा विषय सागरातील वनस्पतिप्लवक, म्हणजे डोळ्यांस न दिसणारी ती समुद्रातली हिरवळ, जिच्यावर क्रिल नावाचा कोळंबीसारखा जीव जगतो आणि क्रिलवर देवमासे. हवाई व लंडन येथे शिकून त्या दोना पावलाला आल्या होत्या. म्हणजे एका अर्थी त्यांच्या शिक्षणातच तीन देशांचे सहकार्य होते. त्याच संस्थेचे डॉ. अ. ह. परुळेकर यांनी सहाव्या व डॉ. वि. के. धारगळकर यांनी बाराव्या मोहिमेचे नेतृत्व केले. हे दोघेही जीवशास्त्रज्ञ. कोंकण-गोमंतकाच्या समुद्राने ध्रुवीय जीवशास्त्रास अशी माणसे दिली.

आता हैदराबादेकडे वळू. येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेच्या जीवरसायन विभागातून १९७७ साली पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचा जन्म झाला. डॉ. पुष्प मित्र भार्गव हे त्याचे जनक. हे गृहस्थ स्पष्टवक्ते, वादप्रिय आणि संस्था उभारण्यात निष्णात होते. भारतीय मोहिमांनी शिर्माखर नावाच्या प्रदेशातून आणलेली माती या केंद्रात आली आणि डॉ. एस. शिवाजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीत जीव शोधण्यास आरंभ केला.

शिर्माखर हे नाव ऐकून वाचकांनी दचकू नये. १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतील शिर्माखर नावाच्या वैमानिकाला हा बर्फमुक्त खडकाळ टापू आकाशातून दिसला, म्हणून हे नाव. सुमारे पस्तीस चौरस किलोमीटरांची ही जागा. तीत शंभराहून अधिक लहानमोठी तळी. जवळच रशियनांचा नोवोलाझारेव्हस्काया तळ १९६१ पासून, आणि १९८९ पासून भारताचा 'मैत्री'. तळ उभारताना हे नाव कोणास सुचले असेल ते असो, शेजार पाहता ते अगदी योग्य ठरले.

१९८८ सालापासून हैदराबादचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. शिर्माखरच्या मातीतील मायक्रोकॉकस व प्लॅनोकॉकस, आर्थ्रोबॅक्टर, किण्वाच्या जाती अशी ती गणना होती. १९९२ साली 'स्फिंगोबॅक्टीरियम अंटार्क्टिकस' या नव्या जातीचे वर्णन झाले. या पहिल्या निबंधांवरील नावे पाहिली तर ती बहुतेक सर्व एकाच केंद्रातील आहेत. मोहीम भारतीय, माती भारतीय तळाजवळची, प्रयोगशाळा हैदराबादची. येथपर्यंत सहकार्याचा परिणाम अप्रत्यक्ष होता. करार नसता तर तळ नसता, तळ नसता तर माती नसती, इतकाच.

परंतु गणनेपेक्षा मोठा प्रश्न पुढे उभा होता. हे जीव थंडीत जगतात कसे? येथे आम्ही वाचकांस त्यांच्याच स्वयंपाकघरात नेतो. मार्गशीर्षात सकाळी खोबरेलाची बाटली पाहावी. तेल थिजून पांढरे झालेले असते. शेजारच्या करडईच्या तेलास मात्र काही होत नाही. कारण करडईच्या तेलातील मेदाम्ले असंपृक्त असतात. त्यांच्या साखळ्या वाकड्या असल्याने त्या एकमेकींस चिकटून रचल्या जात नाहीत. जिवाणूच्या पेशीभोवतीचे पटल असेच स्निग्ध द्रव्याचे असते. ते थिजले तर अन्न आत येणे व मळ बाहेर जाणे थांबते आणि जीव मरतो. म्हणून थंडी पडताच जिवाणू आपल्या पटलात खोबरेल कमी व करडई अधिक करतो, असे स्थूलमानाने म्हणावे. पण अती पातळ पटलही कामाचे नाही. हैदराबादेत डॉ. चट्टोपाध्याय व डॉ. जगन्नाधम यांनी मायक्रोकॉकस रोझियस या गुलाबी जिवाणूच्या रंगद्रव्यांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की, ही गाजरातील द्रव्याच्या कुळातली रंगद्रव्ये पटलास चिकटून त्यास ताठपणा देतात, आणि थंडीत वाढविलेल्या पेशींत त्यांचे प्रमाण बदलते. एका हाताने सैल करावयाचे आणि दुसऱ्या हाताने आवळावयाचे, असा हा संसार आहे. मडक्याला थापटणाऱ्या कुंभाराची आठवण व्हावी.

थंडी पडली हे पेशीस कळते कसे, हा त्याहूनही सूक्ष्म प्रश्न. तेथे जपानच्या ओकाझाकी येथील नोरिओ मुराता यांच्या प्रयोगशाळेने, तीत रशियन शास्त्रज्ञही होते, नील-हरित जिवाणूंत 'हिक ३३' नावाचे प्रथिन दाखविले. पटल ताठ होताच ते जनुकांस निरोप धाडते. शिवाजी यांचे सहकारी डॉ. प्रकाश यांनी मुरातांबरोबर या प्रश्नावर काम केले आणि ते पुढे हैदराबाद विद्यापीठात आले. अशा रीतीने ओकाझाकीचा प्रश्न गच्चीबावलीस पोहोचला.

तिसरा धागा जर्मनीचा. डॉ. मलय रे यांनी शिर्माखरच्या मातीतील 'स्यूडोमोनास सिरिंजी' याचा एक वाण निवडला. थंडीत रायबोन्यूक्लिक आम्लाच्या साखळ्यांना गाठी पडतात, आणि काम झालेल्या साखळ्या वेळीच मोडून टाकल्या नाहीत तर पेशीत अडगळ साचते. ही मोडतोड करणारे एक यंत्र, म्हणजे काही प्रथिनांचा जुडगा, साधारण जिवाणूंत ठाऊक होते. गीसन विद्यापीठातील गॅब्रिएले क्लूग यांच्या प्रयोगशाळेबरोबर रे यांच्या गटाने २००५ साली दाखविले की, अंटार्क्टिकाच्या या वाणात त्या यंत्राचा एक भागीदार निराळाच आहे. गाठी पडलेल्या साखळ्यासुद्धा कुरतडू शकणारे 'रायबोन्यूक्लिएझ आर' तेथे आहे. पुढे असेही दिसले की, ते एन्झाइम काढून घेतले तर हा वाण थंडीत वाढत नाही. आमच्या मते हैदराबादच्या ध्रुवीय संशोधनातील हे सर्वांत मोलाचे काम. कारण येथे अंटार्क्टिकाचा जीव केवळ नोंदला गेला नाही, त्याने सर्व जीवांविषयी काही नवे सांगितले.

नावे ठेवण्याच्या कामावर सहकार्याचा परिणाम अधिक उघड दिसतो. २००२ ते २००५ या काळात शिवाजी, रेड्डी व त्यांचे सहकारी यांनी नव्या जातींची एक मालिकाच प्रसिद्ध केली. ती माती आता केवळ शिर्माखरची नव्हती. मॅकमर्डोच्या शुष्क दऱ्या अंटार्क्टिकाच्या पार दुसऱ्या अंगास आहेत, अमेरिकन व न्यूझीलंडच्या तळांच्या आसपास. तेथे भारतीय जहाज जात नाही. त्या बाजूच्या तळ्यांतील शेवाळाचे थर जपानचे गेन्की मात्सुमोतो यांच्याकडून आले. प्लॅनोकॉकस अंटार्क्टिकस, नारिंगी रंगाचा कोकुरिया पोलारिस, स्यूडोमोनास अंटार्क्टिका व स्यूडोमोनास मेरिडियाना हे त्या थरांतून मिळाले. अॅडेली भूमीवरील किनाऱ्याच्या बर्फातून हॅलोमोनास ग्लेसिआय मिळाला. त्या कामात फ्रान्सचे डॅनिएल डेलिल सहभागी होते. वर्गीकरणाच्या कसोट्यांसाठी जर्मनीचे एर्को श्टाकेब्रांट यांचा हात लाभला. दोन वाणांच्या जनुकद्रव्याचे परस्परांशी जुळणे शेकडा ७० पेक्षा कमी भरले तर जाती निराळ्या, हा त्या काळचा दंडक होता, आणि अशा कसोट्या पाहण्यास अनुभवी डोळा लागतो.

यात नियमाचाही भाग आहे. २००१ पासून नव्या जिवाणूचे नाव ग्राह्य होण्यास त्याचा आदर्श वाण निदान दोन निरनिराळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. म्हणजे जिवाणूचे बारसे एका घरात होऊच शकत नाही. हैदराबादचे वाण चंदीगडच्या संग्रहात गेले तसेच ब्राउनश्वाइगच्याही गेले. या नियमाची आम्हांस मौज वाटते आणि त्याचे शहाणपणही पटते. वीज गेली, शीतपेटी बंद पडली, तर एका देशाची चूक दुसरा देश सावरून घेतो.

आता थोडे उणे. एका तळ्यातून एक वाण काढावा, त्यास नाव द्यावे आणि पुढील तळ्याकडे वळावे, या पद्धतीने याद्या वाढतात, पण ते तळे कसे जगते ते कळत नाही. त्या तळ्यावर दहा-वीस वर्षे पहारा करणारा मनुष्य लागतो, आणि दुसऱ्याकडून पाठविलेल्या नमुन्यावर काम करणाऱ्यास तो पहारा शक्य नसतो. शिर्माखर हे आमचे स्वतःचे अंगण होते. तेथे हा पहारा अधिक नेटाने व्हावयास हवा होता, असे आम्हांस वाटते. दुसरे असे की, शीतप्रिय एन्झाइमांचा उपयोग धुण्याच्या चुऱ्यांत व अन्नोद्योगात होऊ लागल्यापासून या जीवांना बाजारभाव आला. जी भूमी कोणाची नाही, तेथील जिवाणूवरील पेटंट कोणाचे? करारातील राष्ट्रे गेली वीसहून अधिक वर्षे या विषयावर चर्चा करीत आहेत. भूमीचे हक्क गोठविण्याची जुनी युक्ती येथे चालत नाही, कारण हे जीव शीतपेटीतही वाढतात.

उत्तरेकडेही हैदराबादचे लक्ष गेले, आणि त्या वाटेचा दस्तऐवज फार जुना निघाला. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे स्वालबार्ड बेटांविषयी करार झाला, त्यावर ब्रिटनने भारताच्याही वतीने सही केली होती. परसत्तेने केलेली ती सही सत्त्याऐंशी वर्षांनी स्वतंत्र भारतास उपयोगी पडली! २००७ साली भारताची पहिली आर्क्टिक मोहीम झाली, आणि १ जुलै २००८ रोजी न्यू-ओलेसुंड या जुन्या कोळसाखाणीच्या गावी 'हिमाद्री' हे केंद्र सुरू झाले. अनेक देशांची संशोधनगृहे तेथे हाकेच्या अंतरावर आहेत. हा सारा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय केंद्राकडून चालतो. १९९८ साली स्थापन झालेले ते केंद्र २०१८ पासून 'ध्रुवीय' हा शब्द आपल्या नावात मिरविते. कोंग्सफ्योर्डच्या गाळातील व मिड्त्रे लोवेनब्रेन हिमनदीच्या प्रवाहातील जिवाणूंवरील हैदराबादचे निबंध २००९ साली आले. त्याच सुमारास हिमालयातील पिंडारी हिमनदी व रूपकुंड यांतील जीवांचेही बारसे येथे झाले. शिवाजी स्वतः पुढे याच शहरातील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डोळ्यातील सूक्ष्म जीवांकडे वळले. बर्फाकडून डोळ्याकडे! पण जो मातीच्या चिमटीत वस्ती पाहू शकतो त्यास ते कठीण नसावे.

१९९२ साली नाव दिलेल्या त्या पहिल्या जिवाणूचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. नव्या कसोट्या आल्या, तेव्हा तो स्फिंगोबॅक्टीरियमच्या कुळात बसत नाही असे ठरले, आणि त्यास पेडोबॅक्टर कुळात घालण्यात आले. आता तो 'पेडोबॅक्टर अंटार्क्टिकस' म्हणून ओळखला जातो. कुळ बदलले, हैदराबादने दिलेले दुसरे नाव तेवढे तसेच राहिले.